गॉबनेटची फीत

"नको ना डॅडी," ग्रॉन्या फोनवर म्हणाली. "ते नाव नको. दुसरं काहीही सांग."

ग्रॉन्या माझी एकुलती एक मुलगी, नवरा रोननबरोबर डब्लिनला असते. तिला मुलगी होऊन नऊ दिवस झाले होते. फोनमध्ये मागे बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं.

"आपल्याकडे पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव ठेवतात," मी म्हणालो. "तुझं नाव तसंच पडलं. तेव्हा कुणी वाद घातला नाही."

"मला ग्रॉन्या मिळालं, म्हणून गप्प बसले. गॉबनेट मिळालं असतं तर पाळण्यातूनच पळून गेले असते."

एरवी मी हसलो असतो.

"शाळेत पोरं तिला फाडून खातील," ती म्हणाली. "रोननच्या आईला तर ते नाव अजून उच्चारता येत नाही. आणि मम्मीला तरी कुठे आवडायचं ते?"

तेव्हा मी ते बोललो. "तिची इच्छा होती. शेवटच्या आठवड्यात म्हणाली मला."

"मला नाही बोलली."

"तू इस्पितळातून घरी कपडे आणायला गेली होतीस."

तिनं बाळाला उचलून घेतल्याचं ऐकू आलं. मग ग्रॉन्या म्हणाली, "बरं. गॉबनेट तर गॉबनेट."

मी फोन ठेवला. चहा केला आणि तो ओट्यावरच राहिला.

खरं तेवढंच होतं की ग्रॉन्या कपडे आणायला गेली होती. तेव्हाच माझी बायको म्हणाली होती, "टायग, मुलगी झाली तर तिच्यावर माझं नाव टाकू नका. मी ते जन्मभर ओढलंय. माझ्याबरोबर जाऊ दे."

मी हो म्हणून मान हलवली होती. पण ऑक्टोबरात तिला पुरलं आणि मग घरात ते नाव घ्यायला कारणच उरलं नाही. पोस्टमन घेत नाही, दुकानदार घेत नाही. सगळे 'तुझी बायको' म्हणतात, आवाज खाली करून. मला वाटायचं, एक मूल असावं, ज्याला अंगणातून त्या नावानं आत बोलवता येईल.

ते नाव तिला का जड झालं ते मला माहीत होतं. एकविसाव्या वर्षी ती इंग्लंडला गेली, कॉव्हेंट्रीच्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात. पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या बाईनं सांगितलं, असलं आयरिश नाव इथं चालणार नाही, तुझं इंग्रजी नाव बेटी. अकरा वर्षं ती बेटी होती. मी तिथेच मोटारीच्या कारखान्यात होतो. शनिवारच्या नाचाला ती भेटली आणि बोलण्यावरून कळलं की आमच्याच डोंगरापलीकडची आहे. मी म्हटलं, "तिकडची मुलगी आणि बेटी? खरं नाव सांग." तिनं आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग सांगितलं. त्या अख्ख्या शहरात तिला त्या नावानं हाक मारणारा मी एकटा होतो. तेही हळू. मी कितीही हळू बोललो तरी ती म्हणायची, "हळू."

अकरा फेब्रुवारीला आमच्या गावात संत गॉबनेटचा दिवस असतो. बायकोचं नाव तिच्यावरूनच. त्या दिवशी चर्चमध्ये संतिणीची जुनी लाकडी मूर्ती बाहेर काढतात. दीड हाताची, झिजलेली. लोक रांगेत उभे राहून आपापली फीत तिच्या उंचीशी लावून मोजतात, मग तिच्याभोवती गुंडाळतात. ती फीत वर्षभर घरात ठेवायची. कुणी आजारी पडलं की त्याच्या अंगाला बांधायची. आमच्या घरची एक जास्तीची रीत होती. ज्याच्यासाठी फीत, त्याचं नाव मोजताना तोंडानं घ्यायचं. नुसतं मनात नाही.

गेल्या वर्षी मी बायकोसाठी निळी फीत मोजली होती. ऑक्टोबरपर्यंत ती तिच्या मनगटाला होती. नंतर नर्सनं ती घड्याळाबरोबर एका पिशवीत घालून मला परत दिली.

या वर्षी ग्रॉन्या बाळाला घेऊन आली. बाळ तीन आठवड्यांचं. नावाची नोंद अजून व्हायची होती. रांगेत आमच्या पुढे शेजारची हॅना लिअरी होती. ती वळून मला म्हणाली, "अरे टायग, जरा हसून जा तिच्यापुढे. संतीण आहे ती, पोलीस नाही." मग बाळाची टोपी वर करून पाहिलं. "नाव काय गं हिचं?"

"गॉबनेट," ग्रॉन्या फरशीकडे बघत म्हणाली.

"अगं बाई!" हॅनाच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं सावरून घेतलं. "छान आहे हो. आता कुणाचं नसतं."

माझी पाळी आली. पांढरी फीत मी मूर्तीच्या डोक्याशी धरली, खाली पायांपर्यंत आणली आणि नाव घेतलं, "गॉबनेट."

ते हळू निघालं. कॉव्हेंट्रीत निघायचं तसं. मी बाळासाठी काही मागितलंच नव्हतं. जी जमिनीखाली आहे तिच्यासाठी एका वर्षाची तब्येत मागत होतो. पुन्हा म्हणून पाहिलं, या वेळी बाळाकडे बघत. पुन्हा तेच झालं. मागे कुणीतरी खोकलं. मी फीत खिशात घातली आणि ग्रॉन्याला हाताला धरून बाहेर नेलं.

"तू कुठलं नाव ठरवलं होतंस?" मी विचारलं.

"आता कशाला ते?"

"सांग."

"लीशा."

"मग लीशाच ठेव. मी खोटं बोललो. तुझी मम्मी उलटंच म्हणाली होती. माझं नाव माझ्याबरोबर जाऊ दे, म्हणाली."

तिनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मेलेल्या बाईच्या तोंडी खोटं घातलंस तू?"

"हो."

"मम्मीच्या?"

"हो."

"डॅडी, मी रोज पाळण्यापाशी उभी राहून त्या नावानं हाक मारायचा प्रयत्न करतेय. घशातून निघतच नाही. मला वाटलं, आईची एक इच्छा, तीही मला जड होते. कसली मुलगी आहे मी." तिचे डोळे भरले होते, पण ती रागावलेलीही होती आणि मी तिला अडवलं नाही.

थोड्या वेळानं तिनं बाही डोळ्यांना लावली. "दुसरी फीत आहे?"

नव्हती. हॅना दारातच उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. तिनं पिशवी उघडली. "माझ्याकडे सात आहेत. ही पिवळी भाच्याच्या गाईसाठी आणली होती. घे. गाय तशीही तुझ्या बापापेक्षा ठणठणीत आहे."

ग्रॉन्या पुन्हा रांगेत उभी राहिली. एका हातावर बाळ घेऊन तिनं फीत मोजली आणि नाव घेतलं, "लीशा." मोठ्यानं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

दुपारी निघताना ती गाडीच्या काचेतून म्हणाली, "मधलं नाव गॉबनेट ठेवू का? मधलं नाव कुणी विचारत नाही."

"नको," मी म्हणालो. "तिनं नेलंय ते."

तिनं मान डोलावली. रागावलेली होतीच अजून, पण पोचल्यावर फोन करते म्हणाली.

गाडी वळणाआड गेल्यावर मी टेकडीवर दफनभूमीत गेलो. थडग्यावर दगड बसवायला वर्ष जाऊ द्यावं लागतं, म्हणून अजून साधा लाकडी क्रॉस आहे आणि त्यावर पितळी पट्टी. खिशातली पांढरी फीत काढून मी क्रॉसच्या आडव्या फळीला बांधली. दोन वेढे बसले आणि गाठीपुरती उरली.

मग मी नाव घेतलं. हळू.

आणि सवयीनं थोडा थांबलो, ती 'हळू' म्हणेल म्हणून.