माझा क्लच कुणाच्या पायासाठी?

बॉनेट उघडलंत, बरं झालं. मी राहू गावच्या अनसाबाईंच्या जुन्या जीपचं इंजिन. तापलोय, पण रेडिएटरमधलं पाणी कमी पडलं म्हणून नाही. मला राग आलाय, आणि तो कुणापाशी तरी बोलायचाय.

माझा जन्म तुमच्यापैकी बहुतेकांच्या आधीचा. ओतीव लोखंडाचा, चार सिलिंडरचा, पेट्रोल पिणारा. सुरुवातीची वर्षं साहेबलोकांना कालवे दाखवत फिरलो. मग लिलावात भिमानं जीप घेतली. भिमा मेंढपाळ. दिवाळी सरली की तो कळप घेऊन निघायचा. बिऱ्हाड, कोंबड्या, लंगडी मेंढरं आणि वाटेत जन्मलेली कोकरं वाहायला त्याला चाकं हवी होती.

पण मेंढरांबरोबर पायीच चालावं लागतं. मग गाडी चालवणार कोण? त्याची बायको, अनसाबाई. तिनं काष्टा घट्ट केला आणि शिकली. लोक हसले. ती शिव्या देत शिकली आणि महिन्याभरात हसणाऱ्यांच्याच घरच्या गोण्या वाहू लागली. क्लच म्हणजे माझा आणि गिअरबॉक्सचा दुवा. तो दाबला की आम्ही सुटतो, सोडला की जुळतो. अनसाबाई तो असा सोडायची, की मागच्या पाटीत झोपलेल्या कोकराला गाडी हलल्याचं कळायचं नाही.

पुढं कळप विकला, शेती आली, भिमा गेला. जीप राहिली. दौंडच्या बाजाराला वांगी न्यायची, अडलेल्या बाईला दवाखान्यात पोचवायची, सगळं अनसाबाईच करायची. अवेळी कुणी दार वाजवलं तर ती आधी चावी शोधायची, मग चप्पल.

मग माझा जोडीदार, जुना गिअरबॉक्स, थकला. चढावर गिअर आपोआप निसटायचा. सामान कुठंच मिळेना. अनसाबाईचा मुलगा शंभू म्हणाला, "आये, नव्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवू. हायवेला इंजिन असं बोंबलत न्हाई चालणार."

"बसव की," ती म्हणाली. "पर गाडी माझी ऱ्हायली पायजे."

"तुझीच हाय की."

हे वाक्य मी ऐकलंय. म्हणून तर पुढचं सहन होत नाही.

आम्ही नदी ओलांडून कोरेगाव भीमाला गेलो, राजश्रीच्या गॅरेजात. अनसाबाई वांग्यांच्या तोडणीमुळं आली नव्हती. राजश्रीनं मला उतरवून स्टँडवर ठेवलं आणि शंभूला नीट समजावलं. क्लच प्लेट बाहेरून इंजिनाच्या मापाची लागते, पण मधले दाते नव्या गिअरबॉक्सच्या शाफ्टला बसणारे लागतात. तेवढं ती जुळवणार होती. प्रश्न प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा होता. तिनं दोन काढून ठेवल्या.

"ही मवाळ हाय. या इंजिनाला रग्गड पुरती. ती दुसरी रेसच्या गाड्यांची, लई कडक. इंजिनाची ताकद दुप्पट केली तरी प्लेट घसरायची न्हाई. पर पाय मोडून जाईल. गाडी चालवणार कोण?"

शंभूनं मोबाइलवरून मान वर केली नाही. "मीच. आये आता कशाला चालवतीय? कडकच टाका, ताई."

मी तिथंच होतो, दोन हातांवर! ओरडावंसं वाटलं, पण माझ्यात पेट्रोल नव्हतं.

घरी आल्यावर अनसाबाई हौसेनं बसली. क्लच दाबला आणि तिचा चेहरा बदलला. "आरं, ह्यो दगुड हाय का काय?"

"नवं हाय आये. सैल हुईल हळूहळू."

सैल कसला होतोय! तरी ती दात-ओठ खाऊन चालवत राहिली. एका बाजाराच्या दिवशी चढावर गाड्या अडकल्या. क्लच दाबून धरता धरता तिचा पाय थरथरायला लागला. ब्रेकवरून दुसरा पाय काढला आणि त्याच क्षणी डावा घसरला. मी झटक्यात पुढं उसळलो आणि पुढच्या टेम्पोवर आदळलो. कुणाला लागलं नाही, तिचं कपाळ तेवढं फुटलं. गर्दी जमली. "म्हातारीला गाडी कुणी दिली?" हे जो तो विचारत होता. क्लच कुणी निवडला, हे कुणीही विचारलं नाही.

शंभू आला. तिच्या कपाळाला रुमाल लावला आणि दुसऱ्या हातानं चावी काढून घेतली. "बास झालं, आये. वय झालं तुझं."

आणि ती गप्प बसली. पोलिसाला न भिणारी बाई गप्प बसली, कारण तिला ते खरं वाटलं! मला सगळ्यात जास्त चीड त्याची येते. तिला स्वतःच्या पायाची लाज वाटली.

मग शंभू मला हायवेला पळवू लागला. मित्रांना बसवायचा, जागेवर उभं करून उगाच आवाज काढायचा, व्हिडिओ करायचा. वांगी दुसऱ्याच्या टेम्पोतून जाऊ लागली. शेजारच्या रंगुबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्या घरची माणसं दारात आली. शंभू मला घेऊन भांडगावला ढाब्यावर होता. कुणाची तरी रिक्षा मिळाली, पोर नीट जन्मलं. पण अनसाबाई त्या दिवशी जेवली नाही.

पुढं ऑइल गळायला लागलं म्हणून शंभू मला राजश्रीकडं न्यायला निघाला, तर अनसाबाई मागं येऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही मागं कशा?" राजश्रीनं विचारलं.

"माझा पाय गेला बाई. क्लच दबत न्हाई."

राजश्री माझ्याकडं आली. ड्रायव्हरच्या सीटवर बसली, क्लच दाबला आणि दाबून धरला. थोड्या वेळानं तिचाही पाय कापायला लागला. ती उतरली ती भडकूनच.

"मावशी, पायाला काय बी झालेलं न्हाई तुमच्या. शंभू, गाडी कोण चालवणार इचारलं तवा काय म्हणालास? आयेपुढं सांग."

शंभू तोंड फिरवून उभा राहिला. मग राजश्रीनंच सांगितलं.

अनसाबाईनं कपाळावरच्या व्रणावरून हात फिरवला. "म्हंजी पाय घसरायच्या आधीच तू गाडी काढून घेतली व्हतीस, व्हय रं?"

"तुझ्या काळजीपोटीच..."

"काळजी हुती तर तोंडानं बोलायचं. मी भांडले असते. पायाखाली दगुड ठिवून मला म्हातारी कशापायी ठरवलीस?"

तिनं हात पुढं केला. त्यानं चावी ठेवली.

राजश्रीनं मला पुन्हा उतरवलं, मवाळ प्रेशर प्लेट बसवली आणि पेडलची जोडणी थोडी थोडी सैल करत गेली. प्रत्येक वेळी पेडल दाबून अनसाबाई सांगायची, "अजून जरा." शेवटी ती म्हणाली, "आता झालं."

आता मी परत दौंडला जातो. पाच गिअर, मऊ क्लच, पाटीतली वांगी एकमेकांवर आपटत नाहीत. तुम्हाला एकच मागणं आहे. यंत्रात जे काही घालायचं ते घाला, पण ज्याला ते वापरायचं आहे त्याला आधी बसवून बघा. आणि माणूस हरला असं म्हणण्यापूर्वी एकदा स्वतः पेडल दाबून बघा.

शंभू हल्ली बाजाराच्या दिवशी दाराशी येऊन विचारतो, "आये, येऊ का संगं?"

"बस मागं," ती म्हणते.

शेजारच्या सीटवर तिची पिशवी असते. ती तिनं अजून उचललेली नाही.