बाहीतला कोश

अळीमावशी हे नाव तिला भाच्याने ठेवलं आणि घरादाराने ते उचललं. संग्रहालयात किड्यामुंग्यांमध्येच तिची हयात गेली होती. पण त्या सकाळी हवालदाराने टेबलावर कोट ठेवला आणि तिने तो पाहताक्षणी ओळखला. कोट बेपत्ता भाच्याचा होता. कोपरावरचं ठिगळ त्याच्या आईने, म्हणजे तिच्या थोरल्या ताईने, लावलेलं.

"जंगलात सापडला. आत हाडं होती," हवालदार मान खाली घालून म्हणाला. "बाहीत किडा निघालाय. त्यावरून कधीचं ते कळेल, असं साहेब म्हणतात. तुम्हाला जमत नसेल तर..."

"मीच बघते."

अस्तराला चिकटलेला कोश फुटला होता. शेजारी पतंग मरून पडला होता. दुमडलेल्या बाहीत त्याला पंख पसरायला जागाच मिळाली नव्हती. भिंगाखाली तिने चुरगळलेला पंख हलकेच उलगडला. झाडाच्या सालीसारखा रंग, कडेला फिकट नागमोडी रेघ. त्या जंगलात झाडागणिक दिसणारा पतंग. उन्हाळ्यात अंडी घालतो, मग अळ्या पानं कुरतडत वाढतात. पानगळ लागली की अळी खाली उतरते, आडोसा शोधून कोश करते आणि सगळी थंडी त्यातच काढते.

म्हणजे थंडी पडण्याआधी, पानगळीतच कोट जमिनीवर होता. आणि ताई तर दूधवाल्याच्या शब्दावर जगत होती. ऐन थंडीत त्याने पोराला बसथांब्यावर बघितलं होतं म्हणे, याच कोटात.

संध्याकाळी ती ताईकडे गेली. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"दूधवाला खोटं बोलला?" ताईने विचारलं.

"त्याची गल्लत झाली, ताई. तेव्हा आपला पोरगा जिवंत नव्हता."

ताई ताडकन उठली. "इतकं निरखून बघायला तुला कुणी सांगितलं होतं? कळत नाही म्हणाली असतीस, तर तुझं काय बिघडलं असतं?"

 धाकटी जवळ गेली, तर ताईने तिचा हात झटकला. मग ताई भिंतीकडे बघत म्हणाली,

"कोट अंगातच होता ना?"

"हो."

"मग फार गारठला नसेल," ताई म्हणाली, आणि तिला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना.