मुलुंडचं भिंग आणि कुरलँडचं बंदर

मी एक जुनं भिंग आहे. मित्रांनो, भिंग म्हणजे तुम्ही उन्हात धरून ज्याने कागद जाळता ते. माझा जन्म त्यासाठी झालेला नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

बाल्टिक समुद्राच्या काठावर रिगा नावाचं शहर आहे. तिथल्या एका कारखान्यात मला घासलं, पितळी कड्यात बसवलं आणि काळ्या लाकडाची मूठ लावली. घासणाऱ्याने मला उजेडात धरून ‘चांगलं झालंय’ अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. नंतर बरीच वर्षं तसं कुणी म्हटलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं. पुढे एका मालवाहू जहाजावरच्या अधिकाऱ्याने मला विकत घेतलं आणि त्याच्याबरोबर मी मुंबई बंदरात आलो.

इथे त्या अधिकाऱ्याची दाढ दुखू लागली. जहाज कंपनीच्या एजंटाकडे मार्तंडराव कारकून होते. त्यांनी त्याला दादरला आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं आणि दाढ काढेपर्यंत त्याचा हात धरून बसले. जाताना त्याने मार्तंडरावांना दोन वस्तू दिल्या. एक मी, आणि दुसरी म्हणजे त्याच्या गावाकडच्या किनाऱ्याचा जुना छापील नकाशा. त्या किनाऱ्याचं नाव कुरलँड. अशा भेटी माणसं कपाटात टाकून विसरतात. मार्तंडराव विसरले नाहीत. त्या संध्याकाळी मुलुंडच्या घरी त्यांनी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, मला डोळ्याशी धरलं आणि त्यांना कुरलँड लागलं ते लागलंच.

लोक निवृत्त झाल्यावर बागकाम करतात, सोसायटीचे सेक्रेटरी होतात. मार्तंडरावांनी कुरलँडचा इतिहास धरला. मित्रांनो, तो इतिहास थोडक्यात असा. आधी जर्मन सरदार आले. मग पोलंडच्या राजाची सत्ता आली. मधूनमधून स्वीडनच्या फौजा येऊन गेल्या. मग रशियाचा झार आला. राजे बदलले, गावांची नावं बदलली, कोळी मात्र तेच राहिले. प्रत्येक नव्या राजाने त्यांच्याकडून मासळी घेतली आणि जुना राजा कसा लुबाडत होता ते त्यांना समजावून सांगितलं. मधल्या काळात तिथला एक ड्यूक इतका उत्साही निघाला, की त्या चिमुकल्या मुलखाने थेट वेस्ट इंडीजमध्ये टोबॅगो बेटावर वसाहत मांडली. ती टिकली नाही. पण मार्तंडरावांना त्या ड्यूकचा अभिमान वाटे, जसा आपल्या चाळीतला मुलगा परदेशी गेल्याचा वाटतो.

तिथून दक्षिणेला किनाऱ्यालगत वाळूच्या टेकड्या सरकत आणि अख्खी गावं गाडून टाकत. लोक पुढे जाऊन नवं गाव बसवत. हे ऐकून मृणालिनीबाई, म्हणजे मार्तंडरावांच्या पत्नी, भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, की म्हणजे त्यांचं रिडेव्हलपमेंट वाळूने केलं. मार्तंडरावांनी ते वाक्य लिहून घेतलं नाही. मला ते त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांतल्या सगळ्या वाक्यांपेक्षा बरं वाटलं.

माझे दिवस चांगले चालले होते. सकाळी कुरलँड आणि उरलेल्या वेळात घरकाम. औषधाच्या बाटलीवरची तारीख, कन्या गंधालीच्या बोटातलं कुसळ, तांदळातला खडा. मी तक्रार केली नाही. मोठं करून दाखवणं हे माझं काम. काय मोठं करायचं, हे धरणाऱ्याने ठरवायचं असतं.

मग मार्तंडरावांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशन नेमकं दसऱ्याच्या तोंडावर आलं. जाताना त्यांनी नकाशा कपाटावर ठेवला आणि मला ड्रॉवरमध्ये.

मृणालिनीबाईंच्या घरी दसऱ्याला ज्याच्या त्याच्या कामाच्या वस्तू पुजायची रीत. मार्तंडराव इस्पितळात होते म्हणून त्यांच्या वस्तू बिनपूजेच्या राहाव्यात, हे त्यांना पटेना. त्यांनी पाट मांडला. त्यावर फाउंटन पेन, स्टेपलर, मी आणि पसरलेला नकाशा. प्रत्येकाला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. नकाशापाशी मात्र त्या थांबल्या. गावावर बोट लागलं तर गाव खराब होईल. म्हणून त्यांनी मला उचललं, सगळा किनारा शोधला आणि समुद्रात, जिथे काहीच छापलेलं नव्हतं अशा जागी, ओल्या अनामिकेने आधी हळद आणि तिच्यावर कुंकू टेकवलं. एवढी काळजी त्या मुलखाची कुठल्याही राजाने घेतली नसेल. मग नकाशा गुंडाळून जागच्या जागी ठेवला. मार्तंडराव घरी आले तेव्हा डोळ्यात थेंब घालण्याच्या गडबडीत हे सांगायचं राहिलं. पूजा केली हे कुणी सांगतं का?

मोतीबिंदू काढलेल्या माणसाला पहिले काही दिवस सगळंच नवं दिसतं. मार्तंडरावांना छतावरची जळमटं दिसली, स्वतःच्या सुरकुत्या दिसल्या. आणि नकाशा उघडल्यावर समुद्रात लाल ठिपका दिसला.

इतकी वर्षं आपल्याला तो दिसला नाही याचं त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. डोळ्यांवर पडदा होता, आता गेला. त्यांनी मला ठिपक्यावर धरलं. लाल रंगाभोवती फिकट पिवळी कड होती. त्यांनी ठरवलं, हे बंदर आणि ही वाळूची पट्टी. मासळी आणि जकातीचं जुनं बंदर असणार, पुढे वाळूखाली बुडालेलं. मी ओरडलो असतो, पण भिंगाला तोंड नसतं. मला फक्त दाखवता येतं, आणि मी तर तेच दाखवत होतो.

त्यांनी कुरलँडमधल्या एका संग्रहालयाला कळवलं. तिथल्या बाईंनी नम्रपणे उत्तर दिलं, की आमच्याकडे याच नकाशाची एक प्रत आहे, पण तिच्यात असा ठिपका नाही. कुणालाही यात इशारा दिसला असता. मार्तंडरावांना यात आपली प्रत दुर्मीळ असल्याचा पुरावा दिसला. मित्रांनो, संशोधकाला नकारसुद्धा मोठा करून बघता येतो आणि त्यासाठी भिंग लागत नाही.

मुलुंडच्या इतिहास मंडळात त्यांचं व्याख्यान ठरलं. आयुष्यातलं पहिलं. विषय होता ‘कुरलँडचं हरवलेलं बंदर’. संशोधन आणि उखाणा वेळेआधी फोडायचा नसतो असं म्हणून त्यांनी घरातही काही सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी चहानंतर मात्र घरी तालीम झाली. कांदिवलीहून गंधाली आली होती. तिने आधीच नकाशाचे फोटो काढून दिले होते, पण कशाचे आणि कशासाठी, हे विचारायच्या फंदात ती पडली नव्हती. तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि ठिपका पडद्यावर पुरणपोळीएवढा झाला.

एवढा मोठा झाल्यावर त्यात बारीक गोलाकार रेषा दिसू लागल्या. मार्तंडरावांनी छडीने दाखवलं, की या रेषा म्हणजे समुद्राची खोली. त्या रेषांना तिरकी छेदून जाणारी एक पांढरी फट होती. ती म्हणजे जहाजांना आत यायची खाडी.

मृणालिनीबाई कपबशा उचलत होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला. टेबलावरून मला उचललं, आपली अनामिका माझ्याखाली धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग पडद्याकडे बघितलं. माझ्याखालचं मला सगळं स्पष्ट दिसत होतं. तेच गोल, आणि त्यांना तिरका छेद देणारा विळीचा जुना व्रण.

त्या क्षणी त्यांना गप्प राहता आलं असतं. मंडळातल्या कुणाला कळलं नसतं, आणि नवऱ्याचा चेहरा कधी नव्हे इतका उजळला होता. त्या पुढे आल्या आणि बोट मार्तंडरावांसमोर धरलं.

“अहो, ही खाडी माझ्या बोटावर आहे.”

मार्तंडरावांना वाटलं चेष्टा आहे. मृणालिनीबाईंनी मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोट बघितलं, नकाशा बघितला, परत बोट बघितलं. गंधालीने टीव्हीचा आवाज कमी केला, जरी त्याला आवाज नव्हताच.

“आणि ही पिवळी पट्टी?” त्यांनी शेवटी विचारलं.

“हळदीशिवाय नुसतं कुंकू लावतं का कुणी?”

मग त्यांनी दसऱ्याची सगळी हकीकत सांगितली. मार्तंडराव खुर्चीत बसले. मी त्यांच्या हातातच होतो.

“बाबा, तू ती स्लाइड काढून टाक ना,” गंधाली म्हणाली. “बाकीचं लेक्चर झकास आहे. कोणाला काही कळणार नाही.”

“मला कळलंय,” मार्तंडराव म्हणाले.

मृणालिनीबाई म्हणाल्या, की माझंच चुकलं, विचारायला हवं होतं. त्यावर मार्तंडराव चिडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, “तू रिकामी जागा शोधून लावलंस. मी मात्र रिकामी ठेवली नाही.” आणि ट्रेमधल्या कपात तसाच राहिलेला थंडगार चहा त्यांनी पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी ते गेले. मला खिशात घेऊन गेले, त्यामुळे मी साक्षीदार आहे. सरदार, राजे, झार आणि ड्यूक ऐकता ऐकता मंडळातल्या पुष्कळांनी डोळे मिटले होते. शेवटी मार्तंडरावांनी ठिपका दाखवला, बंदर कसं सापडलं ते सांगितलं, लोक जागे झाले, आणि मग ते बंदर कुणाच्या बोटावर आहे तेही सांगितलं. त्यांनी मृणालिनीबाईंना उभं राहायला लावलं. हशा पिकला. पुढच्या रांगेतले काहीजण मार्तंडरावांना हसले, हेही खरं. मंडळाचे चिटणीस निहार यांनी आभार मानताना सांगितलं, की आपली चूक फोटोसकट दाखवणारा वक्ता मंडळाला प्रथमच लाभला. मार्तंडरावांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. जिना उतरताना त्यांनी मृणालिनीबाईंचा हात धरला, तो दाढदुखीवाल्या माणसाचा धरला होता तसाच.

संग्रहालयालाही त्यांनी सगळं जसंच्या तसं कळवलं. तिकडच्या बाईंचं उत्तर आलं, की कृपा करून डाग पुसू नका. नकाशा कुठे कुठे राहिला आणि त्याला कुणी कसं वागवलं, हाही त्याचा इतिहासच आहे. आम्ही आमच्याकडे नोंद केली आहे. मार्तंडरावांनी हे उत्तर मृणालिनीबाईंना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांनी ऐकायला मिक्सर बंद केला.

मित्रांनो, माझी काच आता कडेला टवकली आहे आणि मूठ सैल झाली आहे. हल्ली मोबाइलमध्ये बोटांनी सगळं मोठं करता येतं, त्यामुळे मी बहुतेक ड्रॉवरमध्ये असतो. माझी फार अपेक्षा नाही. मला उन्हात ठेवू नका, मऊ फडक्याने पुसा, आणि माझ्याखाली काही नवं सापडलं तर जगाला कळवण्याआधी स्वयंपाकघरात एकदा विचारून या.

गेल्या दसऱ्याला मृणालिनीबाईंनी पुन्हा पाट मांडला. पेन, स्टेपलर आणि मला हळदकुंकू लावलं आणि नकाशापाशी हात आखडता घेतला. मार्तंडराव सोवळं नेसून बाजूला बसले होते. त्यांनी मला उचललं, समुद्रात जुना ठिपका शोधला आणि तिथे धरून ठेवलं.

“इथेच लाव,” ते म्हणाले. “बंदर आहे तिथे.”