नॅडीनने ओळ मागितली

नाव सांगितलं तर कुणाच्या ध्यानात यायचं नाही, पण चेहरा बघितला की हॉलिवूडला लागून असलेल्या बरबँकच्या किराणा दुकानात कोणी ना कोणी नॅडीन प्रॅटला अडवायचंच. "अय्या, तुम्ही त्या पोलिसांच्या मालिकेतल्या फोनवरच्या बाई ना?" ती मालिका बंद पडून एक पिढी उलटली होती. त्यानंतर नॅडीनने टीव्हीवर कुणाकुणाच्या बायका केल्या, मग आया, मग न्यायाधीश, आणि आता मरणाला टेकलेल्या म्हाताऱ्या. सिनेमे दोनच. त्यातल्या एकात तर पडद्यावर नावं यायच्या आत तिचा खून होतो. "आईने आमच्या डुलुथ गावातलं आख्खं चर्च तिकिटं काढून नेलं होतं हो, आणि मी मेले पॉपकॉर्न संपायच्या आत!" असं ती स्वतःच खदाखदा हसत सांगायची.

एका गोष्टीचा मात्र तिला भारी तोरा होता. शब्द विसरला की नट "ओळ!" म्हणून ओरडतो आणि कॅमेऱ्याशेजारी संहिता घेऊन बसलेली बाई ती ओळ सांगते. मोठमोठे मागतात, त्यात लाज कसली? पण नॅडीनने उभ्या जन्मात ओळ मागितली नव्हती.

आणि गेल्या हिवाळ्यापासून तिच्या डोक्यातून ओळी निसटू लागल्या. काल पाठ केलेलं आज कोरं. डॉक्टरांनी त्या दुखण्याचं नाव सांगितलं, ते तिने आपल्यापाशीच ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. या गावात बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? "प्रॅटबाई विसरतात" एवढं एकदा झालं, की फोन वाजायचा बंद. आणि काम नसेल तर नॅडीन कोण? दुखण्याहून तिला याचीच जास्त भीती वाटायची.

अशात हॉस्पिटलच्या मालिकेत एका दिवसाचं काम आलं. लेकीला लहानपणी टाकून गेलेली आई आजारी पडते आणि लेकीच्याच वॉर्डात येते. डॉक्टर लेक म्हणजे मालिकेची नायिका, ब्रीन. गुणी पोर, पण मागच्या वर्षी दारूपायी पेपरात बदनाम झालेली. पुन्हा काही गोंधळ घातला तर नारळ देऊ, असं निर्मात्यांनी तिला स्पष्ट बजावलं होतं.

सकाळी कॅमेरा ब्रीनवर होता. आपला चेहरा दिसत नसला की बहुतेक नट कागद बघून वाक्यं वाचतात, नाहीतर चक्क आपल्या खोलीत जाऊन लोळतात. नॅडीन कधीच तसलं काही करत नसे. आज मात्र खाटेवर पडल्यापडल्या तिने पांघरुणावर कागद धरला होता. ब्रीनने तो कागद पाहिला, एकच ओळ पुन्हा पुन्हा शोधणारं बोटही पाहिलं.

जेवणानंतर कॅमेरा नॅडीनकडे फिरला. आता कागद कुठला!

"मी गेले त्या सकाळी..." ती म्हणाली, आणि पुढचं सगळं पुसलं गेलं.

"सॉरी, सॉरी!" कॅमेऱ्याशेजारून ब्रीन ओरडली. "मीच मध्ये बोलले. परत घ्या ना."

परत घेतलं. गाडी तिथेच अडली. "अरे देवा, परत माझंच चुकलं!" ब्रीन म्हणाली.

दिग्दर्शक हॉलिस एरवी गरीब माणूस, पण तिसऱ्यांदा तेच झालं तसा तोही भडकला. "अगं ब्रीन, कागद हातात आहे तुझ्या! वाचता येत नाही का?"

"डोकं दुखतंय जरा."

"हो का? आणि ते कशाने दुखतंय म्हणे?"

दिवेवाल्यांतलं कोणीतरी खुसखुसलं, "सुरू झालं वाटतं बाईंचं परत." मागे उभा असलेला निर्मात्यांचा माणूस फोन काढून बाजूला गेला.

पोरीचा डाव नॅडीनच्या आत्ता लक्षात आला. आधी नाकाला मिरच्या झोंबल्या. कालची कार्टी, आणि माझी कीव करते? मग तिने ब्रीनकडे नीट पाहिलं. कान लाल झालेले, मान खाली, आणि तरी हटायला तयार नाही. नॅडीनला भडभडून आलं. अशी माया तिच्यावर कित्येक वर्षांत कुणी केली नव्हती. आता गप्प राहिलं तर मूठ झाकलेली राहील आणि पोर रस्त्यावर येईल. खोटं कशाला सांगा, घटकाभर ती गप्प राहिलीसुद्धा.

"चला, परत," हॉलिस म्हणाला.

"मी गेले त्या सकाळी..." पुन्हा कोरं. ब्रीनने तोंड उघडलं.

"तू गप्प बस गं!" नॅडीन म्हणाली. आणि सगळ्या सेटला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ओळ!"

सगळ्यांच्या माना खाटेकडे वळल्या.

"हॉलिस, पोरीचं काही चुकलेलं नाही. चांगली शुद्धीत आहे ती. शब्द मी विसरतेय, गेल्या हिवाळ्यापासून. ती माझ्या चुकांवर पांघरूण घालत होती. आणि ऑपल, ओळ मागितली ना मी? झोपलीस काय?"

संहिता घेऊन बसलेली ऑपल नॅडीनची जुनी मैत्रीण. कसंबसं तिने वाचलं, "मी गेले त्या सकाळी तुझे बूट घेऊन गेले. तू मागे धावत येऊ नयेस म्हणून."

नॅडीनने ते वाक्य म्हटलं. कुणाकडे न बघता, अगदी हळू. हॉलिस "कट" म्हणायचं विसरला.

काम संपलेल्या पाहुण्या नटाला टाळ्या वाजवून निरोप द्यायचा हा तिथला रिवाज. सेट सांभाळणाऱ्या डार्नेलने टोपी काढून पुकारलं, "मंडळी, या भागातलं नॅडीन प्रॅट यांचं काम संपलं!"

"या भागातलं नव्हे रे," नॅडीन म्हणाली. "नीट सांग."

ती काय म्हणतेय ते डार्नेलला उमगलं. मग टोपी छातीशी धरून म्हणाला, "मंडळी, नॅडीन प्रॅट यांचं काम संपलं."

टाळ्या थांबेनात. ब्रीन धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली आणि हमसून हमसून रडायला लागली. मागून मेकअपवाली कळवळून ओरडली, "अगं ए, पुढचा सीन तुझाच आहे! सगळा चेहरा धुतलास की!"

"रडू दे तिला," पोरीच्या पाठीवर थोपटत नॅडीन म्हणाली. "चेहरा काय, परत रंगवता येतो. तिला काम आहे अजून."