चंदेरी कडांचा डबा

मी एक जुना संत्रा बर्फीचा डबा आहे. पत्र्याचा, चौकोनी, झाकणावरचं संत्रं निम्मं उडालेलं. पण मित्रांनो, आज मला एका जागी स्थिर बसवत नाही. उद्या सकाळी मी प्रताप नगरातून निघून ग्राहक आयोगाच्या कार्यालयात जाणार आहे. पुरावा म्हणून! माझ्या कुळात असा मान आजवर कोणाला मिळालेला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. यंत्राने पत्रा दाबला, रंग चढवला, आणि मी मिठाईच्या दुकानात काचेमागे जाऊन बसलो. मधुकरराव कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, त्या दिवशी सहकाऱ्यांनी मला बर्फीसकट त्यांच्या हातात ठेवलं. बर्फी दोन दिवसांत संपली. पुढच्याच महिन्यात त्यांच्या पत्नीला, यमुताईंना, मधुमेह निघाला आणि माझ्यात गोळ्या आल्या.

"ज्या डब्यानं गोड खाऊ घातलं, त्यालेच आता शिक्षा," मधुकरराव म्हणाले.

यमुताईंना कीर्तनाचं भारी वेड. देवळात कीर्तन असलं की मी त्यांच्या पिशवीत असतोच. टाळ वाजले की माझं झाकणसुद्धा थरथरतं. कीर्तनकार सिंधूताई त्यांच्या बालमैत्रीण, आणि त्यांनाही मधुमेह. पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, संपला की सिंधूताईंना बुक्का लावतात, हार घालतात, सगळे नामघोष करतात. सिंधूताईंची गोळीही यमुताई माझ्यातच ठेवत; तेवढ्या वेळात दोघी मैत्रिणी माझ्यातून आपापली गोळी घेत. मला तो प्रसादच वाटे.

यमुताईंची आणखी एक सवय होती. त्या औषधाच्या दुकानातून कधी कापलेली स्ट्रिप घेत नसत, पूर्णच मागत. गोळ्या संपल्या की स्ट्रिपची छापील, न फाटलेली कड कात्रीने अलगद कापत आणि माझ्या तळाशी ठेवत. रामजन्माच्या कीर्तनात पाळण्याला या चंदेरी कडांची झालर लावायची, हा त्यांचा बेत.

"भंगार जमा करून राहिली तू," मधुकरराव चिडवत.

"तुमची जुनी टिफिनपेटी ठेवलीच ना मी घरात? मग हेही राहू द्या."

मग यंदा ती बातमी आली. यमुताई घेत त्याच गोळीच्या काही खेपांमध्ये, म्हणजे बॅचमध्ये, एक नको असलेला पदार्थ सापडला होता. तो वर्षानुवर्षं पोटात गेला तर कर्करोगाचा धोका वाढू शकतो, असा संशय होता. कंपनीने त्या खेपा गुपचूप परत मागवल्या. ज्यांनी गोळ्या गिळल्या होत्या, त्यांना मात्र कोणी काही सांगितलं नाही. मोबाईलवर फिरता फिरता बातमी पार बदलली: साखरेच्या सगळ्याच गोळ्यांनी कर्करोग होतो!

यमुताई घाबरल्या. कोणाला न सांगता त्यांनी गोळी बंद केली. रोज मला उघडायच्या, पाण्याचा घोट घ्यायच्या आणि मला बंद करायच्या. मधुकररावांना वाटे, गोळी घेऊन झाली. मला सगळं दिसत होतं, पण पत्र्याला वाचा कुठली? तीन आठवड्यांत त्यांचे पाय जड झाले, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागलं.

शेवटी कीर्तनाच्या मध्यंतरातच ते उघडं पडलं. सिंधूताईंनी गळ्यातला हार सावरत मला उघडलं, आपली गोळी घेतली आणि विचारलं, "काहून वं यमू, तू गोळी नाही घेत?"

"मी नाही घेऊन राहिली आता. त्यानं कॅन्सर होते म्हणतात."

"कोण म्हणते? डॉक्टर?"

"मोबाईलवर आलं होतं."

सिंधूताई जवळ वाकल्या. "पूर्वरंग ऐकून उठून जाणाऱ्यांवर तू किती चिडतं वं. अन् स्वतः काय केलं? बातमी म्हणजे पूर्वरंग. उत्तररंग डॉक्टरपाशी ऐकाचा असते. मी ऐकला, त्यांनी मले दुसऱ्या कंपनीची गोळी देली. उद्या तू जातं का मी ओढत नेऊ?"

यमुताई गेल्या. साखर फार वाढली होती. डॉक्टर म्हणाले, "तो धोका लहान आहे, आणि अजून सिद्ध झालेला नाही. पण औषध सोडल्यानं डोळे आणि किडन्या जातात, हे सिद्ध आहे. गोळी बदलू या. बंद मात्र मला विचारल्याशिवाय करायची नाही."

संध्याकाळी भाची भैरवी आली. ती वकील आहे. "मावशी, तुझ्या गोळ्या त्याच खेपेच्या होत्या का, हे कळायला स्ट्रिपवरचा नंबर लागेल. लोक तर रिकामी स्ट्रिप फेकून देतात."

यमुताई उठल्या आणि त्यांनी मला तिच्यापुढे उपडं केलं. दोन वर्षांच्या चंदेरी कडा सतरंजीवर पसरल्या, आणि प्रत्येकीवर खेपेचा नंबर! भैरवी बातमीसोबत छापलेली सदोष खेपांची यादी वाचू लागली, मधुकरराव चष्मा पुसून पुसून कडा तपासू लागले. पहिली नाही. दुसरी नाही. सातवी जुळली! मग अकरावी, मग पंधरावी. माझ्या पत्र्याला घाम फुटला असता.

"आजार झाला असता तरी तो गोळीमुळेच झाला, हे सिद्ध करणं अवघड असतं," भैरवी म्हणाली. "पण सदोष औषध विकलं आणि ग्राहकाला कळवलं नाही, याची तक्रार ग्राहक आयोगात करता येते, साधारण दोन वर्षांच्या आत. औषध निरीक्षकांनाही कळवू. तुला काय मागायचं आहे, मावशी?"

यमुताईंनी मला सरळ केलं. "ज्यांनी ज्यांनी ती गोळी घेतली, त्या सगळ्याइले कंपनीनं सांगावं. मायासारखं कोणी घाबरून औषध सोडू नये."

"अन् पाळण्याची झालर?" मी मनात म्हटलं. माझं मन कोणी ऐकलं कोण जाणे, पण काल मधुकरराव बाजारातून चंदेरी कागद घेऊन आले. आता कात्री घेऊन बसले आहेत आणि म्हणतात, "त्या भंगारासारखी चमक याले नाही."

तेव्हा मित्रांनो, घरातल्या मोठ्यांच्या औषधाची रिकामी स्ट्रिप, चिठ्ठी आणि पावती एका डब्यात जपून ठेवा. अर्धी बातमी ऐकून त्यांना गोळी सोडू देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारायला लावा. डबा जुना असला तरी चालेल.

माझ्यातल्या कडा आता भैरवीने पाकिटात बंद केल्या आहेत. त्यांच्या शेजारी एकच गोळी आहे, नवी, आजची. कुकरची शिट्टी झाली, पानं वाढली गेली, आणि यमुताईंचा हात माझ्या झाकणाकडे येतो आहे. आज नुसता पाण्याचा घोट नाही.