हातावर ठेवल्याशिवाय

सगुणाबाईनं उभ्या आयुष्यात चव बघितल्याशिवाय शेंगदाणा विकत घेतला नव्हता. सोनपेठच्या बाजारात ती लांबून दिसली तरी दुकानदार पोत्याचं तोंड मोकळं करायचे. तिनं तोंड वाकडं केलं की मागं उभी असलेली चार गिऱ्हाइकं पण पुढच्या दुकानाकडं वळायची.

पण चव बघायचे तिचे कायदे होते. पोत्यात आपला हात घालायचा नाही. तळहात पुढं करायचा आणि थांबायचं. दुकानदार ठेवील तेवढंच आपलं. एक दाणा तोंडात टाकायचा, बाकीचे हातावर राहू द्यायचे. पसंत पडला तर उरलेले तोंडात टाकायचे आणि म्हणायचं, "मोजा." नाही पडला तर उरलेले दुकानदाराच्या हातात परत द्यायचे. नावं ठेवायची नाहीत, गपचूप निघायचं. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे जे घ्यायचंच नाही, त्याची चव बघायची नाही. ते फुकट खाणं झालं.

हा मोठा कायदा ती आज मोडायला निघाली होती. सकाळच्या एसटीनं, अर्ध्या तिकिटात, परभणीला.

घरी अंगणात भुईमुगाच्या शेंगांचा ढीग वाळत पडला होता. दोन एकरांतला. शेंगदाण्याची तिला काडीची गरज नव्हती. तिला बघायची होती पोरगी.

जीवन, तिचा एकुलता एक, तिशी ओलांडून बसलेला. दिसायला बरा, कामाला वाघ, सुपारीचं सुद्धा व्यसन नाही. पण शेती करतो म्हटलं की पोरीकडचे पोहे खाऊ घालायचे आणि मागून फोनवर नाही म्हणायचे. असे चार घरचे पोहे झाले. चौथ्या नकारानंतर जीवन म्हणला, "आई, आता एक शेवटचं घर. त्याच्यापुढं मी कुणाच्या बैठकीत खाली मान घालून बसणार न्हाई. मला लय शरम यायली."

ते शेवटचं घर कस्तुराबाईनं सुचवलं होतं. कस्तुराबाई म्हणजे सगुणाबाईची राणीसावरगावला दिलेली बहीण. फोनवर म्हणली, "पोरगी चुडाव्याची हाय. निकिता. परभणीला मोठ्या मार्टात सुपरवायझर हाय. शेतकरी चालंल म्हणायली. पण अक्के, तोंडानं फटकळ हाय म्हणतेत."

रविवारी बघायला जायचं ठरलं. पण फटकळ हा शब्द सगुणाबाईच्या डोक्यात गोमाशीसारखा फिरायला लागला. फटकळ म्हणजे किती फटकळ? माणसाला तोडून बोलणारी का खरं बोलणारी? बैठकीत पदर घेऊन बसलेल्या पोरीकडं बघून हे कळत नाही. म्हणून गुरुवारीच ती उठली. नवऱ्याला, लिंबाजीला, सांगितलं की डोळे दाखवायला जायले. लिंबाजीनं विचारलं, "डोळ्याला काय झालं?" ती म्हणली, "तेच तर बघायचं हाय."

मार्ट मोठं होतं. दारातच थंड वारा अंगावर आला. आत माल सगळा मांडून ठेवलेला आणि दुकानदार कुठंच नाही. सगुणाबाई दोन रांगा फिरली. एका बाईचं लेकरू गाडीत बसून वेफर्सचं पाकीट फोडून खात होतं, बिल अजून व्हायचं होतं. कुणी काही बोलत नव्हतं. सगुणाबाईनंच तोंड फिरवलं. पैसे दिले न्हाईत आन खायलेत, काय ही बेशरमी.

कोपऱ्यात डाळी, तांदूळ, शेंगदाणे उघड्या डब्यात ठेवले होते. वर पाटी होती, 'सुटा माल खाऊ नये.' सगुणाबाईनं पाटी वाचली आणि मान हलवली. बरोबर हाय. आपल्या हातानं खाऊ नये. तिनं पदर खोचला, तळहात पुढं केला आणि डब्यापाशी उभी राहिली. कुणीतरी येईल, ठेवील.

कुणी येईना. माणसं गाड्या ढकलत जायला लागली. तिचा हात तसाच. हात मागं घेणं तिला जमेना, कारण एकदा पुढं केलेला हात रिकामा मागं घ्यायची तिला सवयच नव्हती.

तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस थांबला. खिशात हात घातला आणि तिच्या तळहातावर दहाचं नाणं ठेवलं.

"घ्या मावशी. चहा प्या."

सगुणाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. कानशिलं तापली. ती अशी ओरडली की पलीकडच्या रांगेतल्या माणसांनी वाकून बघितलं.

"ओ साहेब! माघारी फिरा! भीक मागायले का मी तुमाला? दाणा मागायले, दाणा! अंगावर ही इरकल दिसायली का न्हाई तुमाला?"

माणूस पार खजील झाला. "न्हाई, तुमी हात..."

"हात पुढं करायचा न्हाई तर काय डब्यात घालायचा, उंदरासारखा? धरा तुमचं नाणं. तुमीच चहा प्या, रंग उतरलाय तोंडाचा."

दोन-तीन माणसं हसली. आणि त्या हसण्यामागून एक पोरगी झपाझप चालत आली. निळा शर्ट, केस घट्ट बांधलेले, छातीवर नावाची पट्टी. निकिता.

सगुणाबाईनं पट्टी वाचली. ज्या पोरीला चोरून बघायचं, तिच्यासमोर हा तमाशा!

निकितानं त्या माणसाला म्हटलं, "काका, तुमी जा, काय हरकत न्हाई." मग सगुणाबाईकडं वळली. "मावशी, काय पायजे?"

"चव पायजे. अर्ध्या घंट्यापासून हात धरून उभी हाय. तुमच्याकडं गिऱ्हाइकाच्या हातावर कुणी ठेवतं का न्हाई?"

"इथं चव बघायला देत न्हाईत. पाटी हाय की."

"पाटी मी वाचली. आन तिकडं ते लेकरू पाकीट फोडून खायलंय, ते चालतंय?"

"त्या पाकिटाचं बिल होतंय मावशी. रिकामं पाकीट दाखवलं तरी मशीन पैसे लावती. तुमच्या एका दाण्याचे पैसे मी कसे लावू?"

"म्हणजे चव न बघता सगळं खाल्लं तर ते साव. आन घ्यायच्या आधी एक दाणा इचारून मागितला तर मी चोर?"

निकिताला हसू आलं. "चोर कुणी म्हणलं? पण तुमी स्वतः घेतला असता तर कुणाला कळलं पण नसतं. उभ्या कामून राहिलात?"

मग सगुणाबाईनं तिला आपले कायदे सांगितले. सगळे, एकामागून एक. हात कसा धरायचा, दाणा किती, उरलेल्याचं काय करायचं. सांगता सांगता तिचा आवाज चढला, जसं काही हिच्याच दुकानात निकिता कामाला लागलीय. आणि बोलण्याच्या भरात शेवटचा, मोठा कायदा पण सांगून बसली. जे घ्यायचं न्हाई त्याची चव बघायची न्हाई.

निकितानं सगळं ऐकून घेतलं. मग डब्यातला चमचा उचलला, शेंगदाणे खालून वर केले आणि मधले पाच-सहा दाणे तिच्या तळहातावर ठेवले. "साहेबानं बघितलं तर मी सांगते, माझ्या पगारातून कापा."

सगुणाबाईनं एक दाणा टाकला. चावला. तोंड वाकडं झालं.

"खवट हायेत ना?" निकिताच म्हणली, आवाज खाली आणून. "मागल्या सालचे हायेत. मी साहेबाला चार दिवसांपासून सांगायले, उचला म्हणून. नवा माल सोमवारी येणार हाय. आज घेऊ नका मावशी."

सगुणाबाईचा जीव भांड्यात पडला. फटकळ. अगदी पायजे तशी फटकळ! स्वतःच्या दुकानातला माल खवट आहे हे तोंडावर सांगणारी पोरगी उद्या सासूचं कालवण खारट झालं तर तेही सांगेल. सांगू दे. आतल्या गाठीच्या माणसापेक्षा बरी. तिनं उरलेले दाणे निकिताच्या हातात परत दिले आणि खुशीच्या भरात म्हणली, "गुणाची हायस गं. चुडाव्यावरून रोज रेल्वेनं येतीस का?"

निकिताचा हात तसाच राहिला. तिनं आपल्या छातीवरची पट्टी बघितली. पट्टीवर फक्त नाव होतं.

"मावशी, चुडावा कुणी सांगितलं तुमाला?"

सगुणाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"सोनपेठच्या का तुमी?" निकिता म्हणली. "जीवनच्या आई?"

"हाव."

"रविवारी येणार होतात ना?"

"हाव."

"तुमच्याकडं दोन एकर भुईमूग झालाय, बाबा सांगत होते. मग शेंगदाणे कशाला बघायलाव?" निकितानं आवाज चढवला नाही, पण शब्द एकेक करून टाकला. "तुमीच सांगितलं आता. घ्यायचं नसंल तर चव बघायची न्हाई. हात पुढं करून उभं राहायचं, समोरच्यानं ठेवल्याशिवाय घ्यायचं न्हाई. मग मला न इचारता माझी चव बघायला कशा आलात? हे डब्यात हात घालणंच झालं की."

सगुणाबाईला जीवनचा चेहरा दिसला. शेवटचं घर, म्हणला होता. आणि हे घर आपण आपल्या हातानं मोडलं. बाजारात कुणाचा एक शब्द ऐकून न घेणारी ती, पण इथं खोटं बोलायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. चूक होती. आणि चूक झाली की झाली म्हणायचं, हाही तिचाच कायदा.

"चुकले पोरी," ती म्हणली. "मी लय मोठे कायदे सांगते आन आज मीच मोडले. पण ह्यातलं जीवनला ठावं न्हाई. त्याला ठावं असतं तर त्यानं मला एसटीत बसू दिलं नसतं. राग धरायचा तर माझा धर."

निकितानं हातातले दाणे परत डब्यात टाकले नाहीत. बाजूच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग म्हणली, "रविवारी तुमी येऊ नका."

सगुणाबाईनं मान खाली घातली.

"मीच येते," निकिता म्हणली. "बाबाला घेऊन. तुमी बघून गेलात, आता माझी पाळी. आन मी इचारून यायले, बघा."

सगुणाबाईनं तिच्याकडं बघितलं. मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "ये. पण रिकाम्या पोटी ये."

घरी आल्यावर तिनं सगळं सांगून टाकलं. लिंबाजी हसून हसून खोकायला लागला. "बरे दाखवून आलीस डोळे!" जीवन मात्र हसला नाही. "आई, पोरगी घर बघायला येणार? गाव काय म्हणंल?" सगुणाबाई म्हणली, "गावाला सांग, दाणे बघायला यायली."

रविवारी दुपारी निकिता आली. सोबत तिचे वडील, रंगनाथ, पांढऱ्या टोपीतले शांत गृहस्थ. ते लिंबाजीपाशी ओट्यावर बसले. निकिता बसली नाही. सरळ अंगणातल्या शेंगांच्या ढिगापाशी गेली, पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली आणि तळहात पुढं करून उभी राहिली.

सगुणाबाई पुढं झाली. ढिगाला हात लावणार, तेवढ्यात तिनं हात मागं घेतला. "जीवन, इकडं ये. तू ठेव."

"मी?"

"मग कोण? तिला मला घ्यायचंय का तुला?"

ओट्यावर लिंबाजी खोकला. जीवन खाली बसला. ढिगाच्या मधे हात घातला, चार शेंगा काढल्या, फोडल्या आणि निघतील ते दाणे तिच्या हातावर ठेवले. त्यातला एक सुरकुतलेला, बारका होता. सगुणाबाईनं कपाळाला हात लावला. अरे निवडून तरी द्यायचे!

निकितानं तो बारका दाणा चिमटीत धरला. "हा पण दिला?"

"ढिगात हाय, म्हून हातावर हाय," जीवन म्हणला. मान खाली नव्हती. "भरलेले निवडून दिले असते तर तुमाला ढीग कळला नसता. शेताच्या वरच्या अंगाला पाणी कमी पडलं औंदा. तिकडचे असे निघालेत."

निकितानं तोच बारका दाणा तोंडात टाकला. सावकाश चावला. रंगनाथ ओट्यावरून बघत होते. लिंबाजीचा खोकला बंद झाला. सगुणाबाईनं आयुष्यात किती दुकानदारांना असं ताटकळत ठेवलं असेल, पण पोत्याच्या ह्या बाजूला ती पहिल्यांदाच उभी होती. हे एवढं अवघड असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

निकितानं हातावरच्या उरलेल्या दाण्यांकडं बघितलं. मग जीवनकडं. मग सगळे दाणे एकदम तोंडात टाकले, हात झटकले आणि भरल्या तोंडानं म्हणली,

"मोजा."