अनंताला न पोचणारी लेन्स

नणंद दातांच्या कवळ्या बनवायची, भावजय शाळेची बस चालवायची. दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं नव्हतं, चांगली गट्टी होती. म्हणून तर सुट्टीच्या दिवशी अंथरूण सोडून दोघी भल्या सकाळी धरणावर आल्या होत्या.

दरवाज्यांच्या दुरुस्तीसाठी धरण रिकामं केलं होतं, आणि कित्येक वर्षं पाण्याखाली असलेला दगडी पूल उघडा पडला होता. आता दुरुस्ती संपली होती. आज वरच्या धरणातून पाणी सोडणार, म्हणजे पूल पुन्हा बुडणार.

नणंदेने नव्या कॅमेऱ्यावर जुन्या बाजारातली लेन्स चढवली. लेन्स तिच्याहून वयाने मोठी, सगळी धातूची, हातात घेतली तर वरवंट्यासारखी जड. मध्ये जोडायला स्वस्तातलं अडॅप्टर. आजवर तिने या लेन्सने फक्त खिडकीतली रोपं टिपली होती. आज तिने रिंग फिरवत थेट शेवटपर्यंत नेली. स्क्रीनवर पूल मात्र वाफ धरलेल्या काचेमागे असल्यासारखा.

"बिघडला का हो कॅमेरा, वन्सं?"

"कॅमेरा ठणठणीत आहे. लेन्स अनंताला पोचत नाहीये."

"अनंताला? फोटो काढायचाय की मोक्ष मिळवायचाय?"

नणंद हसली आणि लेन्सवरचा आडवा पडलेला आठ तिला दाखवला. "हा म्हणजे लांबचं सगळं. अडॅप्टर केसभर जाड निघालं. लेन्स कॅमेऱ्यापासून जरा दूर राहते, म्हणून जवळचं लख्ख आणि लांबचं पुसट."

"मग नेहमीची लेन्स लावा की."

"ती घरी राहिली. चार्जरशेजारी."

"शाब्बास! लढाईला आलो आणि तलवार घरी."

तेवढ्यात भावजय ओरडली, "पाणी! वन्सं, पाणी आलं!" लांब वळणावर एक तपकिरी रेघ चमकली आणि सुकलेल्या चिखलावरून सरकू लागली.

नणंदेने पर्समधून कामाचा बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला. गाडीच्या बॉनेटवर रुमाल पसरून ती अडॅप्टर उघडायला बसली. तीन स्क्रू निघाले. दोन भागांच्या मध्ये कागदाएवढी पातळ पितळी चकती होती.

"हीच ती सवत!" म्हणत तिने चकती उचलली. त्याच क्षणी वाऱ्याने रुमाल उडाला. दोघी गुडघ्यांवर बसून गवत चाचपू लागल्या. दोन स्क्रू सापडले, तिसरा काही केल्या सापडेना.

"दोनावर भागवू. वहिनी, तू लेन्स खालून धर, श्वाससुद्धा सांभाळून घे."

नणंदेने चकतीशिवायच अडॅप्टर आवळून लेन्स पुन्हा चढवली, पण ती जरा डुगडुगत होती. भावजयीने दोन्ही हातांनी लेन्स पेलली. नणंदेने रिंग फिरवली. जे स्पष्ट होई त्याच्या कडांवर स्क्रीन लाल रेघा काढायची. त्या रेघा आधी काठावरच्या दगडांवर उमटल्या, मग चिखलावर, आणि मग एका कमानीवरून दुसऱ्या कमानीवर अशा धावत सुटल्या की नणंदेच्या तोंडून किंकाळीच निघाली. "पोचली गं! पोचली!"

त्या किंकाळीने भावजय दचकली, लेन्स एका बाजूला कलली.

"हलू नकोस!" नणंद ओरडली. मग स्क्रीनकडे बघतच राहिली. "नाही, नाही, हल! तशीच कलती धर!"

कललेल्या काचेतून पूल तेवढा लख्ख दिसत होता, दगडांचे सांधे मोजून घ्यावेत इतका, आणि वरच्या टेकड्या, खालचा चिखल सगळं पुसट होऊन विरघळलं होतं. सूर्य वर आला तसं जुन्या काचेने एका कोपऱ्यात इंद्रधनुष्याचं कडं काढलं. नणंदेचं बोट थांबेना. "अजून थोडं डावीकडे. बास! आता जराशी खाली. अगं काय दिसतंय हे!"

"मला दिसतंय कुठे? मी इथे लेन्सला टेकू झालेय!"

खरंच की. नणंद ओशाळली आणि दोघींनी जागा बदलल्या. भावजयीने आयुष्यात फोनशिवाय कशानेही फोटो काढला नव्हता. स्क्रीनकडे पाहताच तिने बटणावर बोट ठेवलं. पाणी पहिल्या खांबाला भिडलं, फेस उडाला आणि तिने बटण दाबलं. पाणी कमानींत शिरलं, कमानी पाण्यात उलट्या उमटून पुरी वर्तुळं झाली, ती दाबतच राहिली.

"वहिनी, माझे हात गळून पडले गं आता."

"एकच, वन्सं. बघा तरी, चौथ्या कमानीत पाणी कसं शिरतंय!"

नणंदेने दात-ओठ खाऊन लेन्स घट्ट धरली आणि म्हणाली, "मग जरा उजवीकडे कलवू का?"